डॉक्टर सबनिसांची हातोडी

डॉक्टर सबनीस गेले, हे त्यांच्या मुलीनं, मीनानं, मला फोनवर सांगितलं. मी फोन असा आपटला की भिंतीवरचं खोकं सुटून लोंबायला लागलं. अजून लोंबतंय. नीट करणार नाही. सकाळी हॉस्पिटलात कुणाचं तरी मोडलेलं हाड बसवायचं, दुपारी घरी येऊन चहा घ्यायचा आणि खुर्चीतच... असलं गुपचूप मरण त्या माणसाला शोभलं नाही. ते भांडताना जायला हवे होते, आणि भांडायला समोर मी हवा होतो.

आमची ओळखच मारामारीत झाली. ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी तेव्हा लीड्सच्या एका कंत्राटदाराकडे घरं पाडायच्या कामावर होतो. शाळा चौथीत सोडली, पण घण हातात घेतला की गोऱ्या गड्यांनी बाजूला सरायचं, अशी माझी पत होती. शहराबाहेर टेकडावर एक दांडगं घर होतं. लोक त्याला नुसतं ‘हॉल’ म्हणत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका गिरणीमालकानं बांधलेलं. धुरानं काळा पडलेला दगड, चर्चसारख्या टोकदार खिडक्या, मधोमध चौकोनी मनोरा आणि आत बैलगाडी वर जाईल एवढा रुंद ओकचा जिना. नव्या मालकाला तिथं फ्लॅट बांधायचे होते. एक बाजू आम्ही आधीच भुईसपाट केली होती. आता हुकूम होता, गुरुवारी संध्याकाळच्या आत मनोरा आणि जिना खाली पाहिजे.

मी जिन्याच्या वरच्या टोकाला छत फोडत होतो. प्लास्टरची द्राक्षं, पानं, फुलं डोक्यावर कोसळत होती. त्या धुळीतून कोट-टाय घातलेला एक माणूस वर आला आणि एक शब्द न बोलता त्यानं माझ्या कानाखाली आवाज काढला. मीही काही ऐकून घेणारा नव्हे. छातीत लाथ घातली. माणूस गडगडत गेला, कठड्याच्या खांबावर तोंड आपटलं, पुढचा दात अर्धा तुटून उडाला. खाली पडल्या पडल्या त्यानं मला जी शिवी हासडली ती इथं छापता येणार नाही, पण होती अस्सल कोल्हापुरी.

“कुठला रे तू?” मी वरून ओरडलो.

“तुझ्या बापाच्या गावचा! खाली ये, मग सांगतो!”

मी खाली गेलो. पुन्हा मारणार होतो, पण रुमाल रक्तानं भिजलेला बघून शेजारी पायरीवर बसलो. आणि हा माणूस तसल्या तोंडानं मला त्या घराची गोष्ट सांगायला लागला! गिरणीवाल्याचं घराणं संपल्यावर घर हॉस्पिटलकडे आलं होतं. नवीन डॉक्टर तिथं राहायचे. सबनीस इंडियातून आले तेव्हा त्यांना आणि त्यांच्या बायकोला माळ्यावरची मोलकरणीची खोली मिळाली होती. त्या घरात नोकरांचे जिने वेगळे, बायकांचा निराळा, पुरुषांचा निराळा, भिंतींच्या आतून काढलेले. राबणारी माणसं मालकाच्या नजरेला पडता कामा नयेत. एखादी पोरगी चुकून मोठ्या जिन्यावर दिसली की वेताची छडी.

मग त्यांनी मला पुढच्या दाराशी ओढत नेलं आणि माझं बोट धरून लाकडातल्या एका भोकात घातलं. आत गार शिसं लागलं. गिरणीतली माणसं मजुरी कापली म्हणून दगड घेऊन घरावर चालून आली होती. दार उघडलं तसं मालकानं जिन्यावरून बंदूक झाडली. दारात एक जण पडला. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

“मग पाडायलाच पाहिजे असलं घर,” मी म्हटलं.

“गाढवा, पाडलंस तर तो गिरणीवाला सुटला! भोकं राहिली पाहिजेत.” मग आवाज खाली आला. “आणि माझी बायको त्या माळ्यावर राहिली. दोन वर्षांपूर्वी गेली ती. तिला आठवायचं म्हटलं की मला तीच खोली दिसते... शुक्रवारी सकाळी काउन्सिलचा माणूस येतोय. मनोरा आणि जिना उभे दिसले तर घर लिस्टेड होईल, जपायच्या घरांच्या सरकारी यादीत चढेल, मग कुणाचा बाप हात लावू शकणार नाही. एक गुरुवार काढ. फक्त गुरुवार.”

“मला पगार पाडायचा मिळतो. रुमाल उचला आणि चालते व्हा.”

असं मी म्हणालो, आणि तेच माझ्या मनात होतं.

पण गुरुवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे नवमीला हत्यार पुजायचं, त्या दिवशी कामाला लावायचं नाही. माझ्या आज्याची कुऱ्हाडसुद्धा त्या दिवशी कधी भिंतीवरून निघाली नाही. हत्यारांच्या खोपटाची किल्ली माझ्याकडे असायची. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी घण, पहारी, छिन्न्या ओळीनं मांडल्या, हळदकुंकू लावलं, घरचा झेंडू वाहिला. भिंती पाडायच्या क्रेनच्या लोखंडी गोळ्यालाही कुंकू लावलं. क्रेनची चावी आत हत्यारांपाशी ठेवली आणि खोपटाला कुलूप घातलं.

फोरमन टेरी आला. “किल्ली दे.”

“आज नाही. उद्या.”

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. गोळ्यावरचं कुंकू बघून त्याचं तोंड कुंकवापेक्षा लाल झालं. त्यानं मला एक घाणेरडं नाव ठेवलं आणि लाकडी फळी बरगडीत घातली. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी किल्ली मुठीत आवळून खोपटाला पाठ लावली. आणखी दोघे धावून आले. मी एकाचं नाक फोडलं, दुसऱ्याच्या हाताला कडकडून चावलो. तोंडात त्याचं रक्त आणि माझं रक्त वेगळं सांगता येईना. तेवढ्यात चिखल उडवत एक मोटार आली आणि डॉक्टर सबनीस बाह्या सावरत उतरले. हाडांच्या डॉक्टरला कुठं मारायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. टेरीचा खांदा असा निखळला की तो गवतात लोळत आईला हाका मारायला लागला. पोलीस आले. पोलिसांच्या देखत डॉक्टरांनी तोच खांदा पुन्हा बसवून दिला, तेव्हा तो आणखीच ओरडला.

त्या दिवशी एक दगड हलला नाही. दसऱ्याच्या सकाळी काउन्सिलचा माणूस आला आणि घर वाचलं. माझी नोकरी गेली. डॉक्टरांनी माझी बरगडी तपासली, मुद्दाम जोरात दाबली. “ही बांधत नाहीत, गणपत. नुसती दुखू द्यायची.” तुटका दात त्यांनीही कधी बसवून घेतला नाही. पेशंटनी विचारलं तर सांगायचे, माझ्या मित्रानं दिलाय.

पुढच्या नवमीला ते माझ्या घरी आले, हातात ऑपरेशनची स्टीलची हातोडी. “हिलाही कुंकू लाव. हीसुद्धा हाडं फोडते.” तेव्हापासून दर वर्षी ती माझ्या घणाशेजारी बसायची. दसऱ्याला ते न्यायला यायचे. आपट्याच्या ऐवजी हॉलच्या आवारातल्या बीच नावाच्या झाडाची तांबडी पानं आणायचे आणि उंबऱ्यातूनच सुरू व्हायचे.

“बोल गणपत, घरासाठीच केलंस ना?”

“नवमीसाठी.”

“त्याच्या मागच्या वर्षी नाही घातलंस खोपटाला कुलूप!”

“त्याच्या मागच्या वर्षी नवमी रविवारी होती.”

“खोटारडा.”

“तुमच्यापेक्षा कमी.”

मग चहा. मग पुन्हा तेच, आवाज चढवून. शेजारची गोरी बाई एकदा पोलिसांना फोन करणार होती.

या वर्षी नवमीला मीना आली. इथंच जन्मली, मराठी अडखळत बोलते. “काका, बाबाचा हातोडी आणला. तो आज तुमच्याकडे असते ना?” वाटेत हॉलवरून आली होती. आतून आता फ्लॅट झालेत, पण दार तेच आहे. म्हणाली, “बाबा मला लहानपणी त्या होलमध्ये बोट घालायला लावायचा.” मी उठून नळाशी गेलो. हातोडी धुतली, पुसली, कुंकू लावलं, घणाशेजारी ठेवली. लाथ घालून देवघर मोडावं इतका राग आला होता. घातली नाही. नवमी होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी दार उघडं ठेवून बसलो. दोन कप चहा केला. हातोडी न्यायला कुणी आलं नाही. चहावर साय धरली, तेव्हा मी हातोडीकडे बघून म्हटलं, “नवमीसाठीच केलं होतं, डॉक्टर.”

कुणी खोटारडा म्हणालं नाही. म्हणून मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून.