वादीकाठचं श्रीखंड

माझे बाबा गेली सव्वीस वर्षं अजमानमध्ये थंडी विकतात.

म्हणजे एसीच्या डक्टची कंत्राटं घेतात. इमारतींच्या पोटातून पत्र्याचे बोगदे नेऊन लोकांच्या डोक्यावर गार वारा सोडणं हा त्यांचा धंदा. दिवसभर थंडीत वावरणाऱ्या माणसाला संध्याकाळी थंडीचा कंटाळा यावा की नाही? नाही! बाबांना बर्फ आवडतो. मोबाइलवर बर्फाचे व्हिडिओ बघतात. मॉलमधल्या खोट्या बर्फात आम्हाला चार वेळा नेलंय. तिथे दहा अनोळखी माणसांच्या घामाचा वास असलेलं जॅकेट भाड्याने घेऊन आपण गोठायचं आणि वर हसरा फोटो काढायचा. मला बर्फाचा मनापासून तिटकारा आहे. पाणी आहे ते. फक्त अडून बसलेलं!

या वेडामागे एक कारण आहे, तेही सांगून टाकते. लग्नानंतर बाबांनी आईला मनालीला नेऊन बर्फ दाखवायचं कबूल केलं होतं. तिकिटं काढली, दरड कोसळली, बस अर्ध्या वाटेवरून परत आली. पुढे आखातात नोकरी लागली आणि बर्फ राहूनच गेला. आईला त्याचं काही नाही. "फ्रीझर उघडला की दिसतो मला," असं ती म्हणते. पण बाबांच्या मनात ती सल आहे.

आई घरून ऑर्डरी घेते. मोदक, पुरणपोळ्या, श्रीखंड. या पाडव्याला तिला पहिल्यांदाच अल ऐनची ऑर्डर मिळाली. तिथल्या पाटणकर काकूंच्या घरी साठ माणसांचं जेवण होतं आणि त्यासाठी सोळा किलो श्रीखंड हवं होतं. हे नीट पार पडलं की गणपतीतली मोदकांची ऑर्डरही आपलीच, असं काकू बोलल्या होत्या. आई चार दिवस चक्का टांगून बसली होती. केशर किती, वेलची किती यावरून ती स्वतःशीच भांडत होती. त्या दिवशी तिला अजमानमधलीच पुरणपोळ्यांची ऑर्डर पुरी करायची होती, म्हणून अल ऐनला मी आणि बाबा निघालो.

निघताना आईने मला बाजूला घेतलं.

"रेवा, गाडी बाबांची. श्रीखंड तुझं. त्यांच्यावर माझा काडीचा भरवसा नाही."

"येस, आई."

"येस नको म्हणूस. लक्ष ठेव."

आठ पांढरे डबे, प्रत्येकात दोन किलो, सगळे निळ्या आइसबॉक्समध्ये. बॉक्स मागच्या सीटवर आणि त्याच्या शेजारी मी. ("पुढे बस की," बाबा म्हणाले. मी बसले नाही. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.)

दुबई ओलांडली आणि आमचे दोन्ही फोन एकदम किंचाळले. सरकारी इशारा. वादळ, गारा, वाद्यांपासून दूर राहा. (वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षभर ती वाळू असल्याचं नाटक करते आणि एका दुपारी अचानक खरी ओळख देते.) शहाण्या माणसाने गाडी वळवली असती. बाबांनी वेग वाढवला.

"गारा! रेवा, गारा!"

"बाबा, धिस इज अ वॉर्निंग. इन्व्हिटेशन नाहीये."

अल ऐन अर्ध्या तासावर असताना आभाळ फाटलं. टपावर कुणीतरी पोतंभर गोट्या ओतत असल्यासारखा आवाज. बाबांनी गाडी कडेला घेतली. दहा मिनिटांत सगळं थांबलं, तेव्हा बाहेरचं वाळवंट पांढरंफटक पडलं होतं आणि त्यावर माणसं धावत होती! या देशात आभाळ नुसतं राखाडी झालं तरी लोक बिर्याणी बांधून निघतात. इथे तर गारा होत्या. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक अरब आजोबा गारांवर आडवे पडून फोटो काढून घेत होते. एक केरळी कुटुंब स्नोमॅन करत होतं. गारा चिकटत नाहीत हे त्यांना कळायला वेळ लागणार होता. मी काचेआडून सगळ्यांना मनातल्या मनात नापास केलं.

बाबा बाहेरून मूठभर गारा घेऊन आले. डोळे असे चमकत होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

"तुझ्या आईला नेऊ. तो बॉक्स रिकामा कर."

"बाबा, नो!"

"अगं, डबे डिकीत ठेव. अर्धा तास तर राहिला! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या दारात बर्फ आलाय."

"हा बर्फ नाहीये. गारा आहेत."

"पांढरं आहे ना? थंड आहे ना? खलास!"

इथे मी ठाम नकार द्यायला हवा होता. पण मला ठामपणे बोलता येत नाही. मी दुकानात सुटे पैसे परत मागू शकत नाही. मी निमूट डबे बाहेर काढले आणि डिकी उघडली. आत पाने-पक्कड, पत्र्याचे तुकडे, धुळीने माखलेले फिल्टर आणि भट्टीसारखी हवा. यात आईचं श्रीखंड? तेवढ्यात मला एक कल्पना सुचली. (मी शाळेत फिजिक्समध्ये पहिली यायचे. इतकं शिकून माणसाचं काय होतं ते आता बघा.) शेजारी घाफच्या झाडाखाली वाऱ्याने गारांचा गुडघाभर ढीग लावला होता. निसर्गाचा फ्रीज! मी आठही डबे ढिगात रांगेने ठेवले आणि थंडी निसटू नये म्हणून वरून नीट गारा लोटल्या. पांढऱ्या गारांत पांढरे डबे. काम इतकं चोख झालं की डबे दिसेनासे झाले.

तेवढ्यात सायरन वाजला. पोलिसांची गाडी आली आणि आतून एक तरुण पोलीस हात हलवत ओरडू लागला, "यल्ला, यल्ला! चलो, चलो! वादी आ रहा है!"

सगळे पळत सुटले. आजोबा उठले, स्नोमॅन अनाथ झाला. बाबा गारांनी भरलेला बॉक्स पोटाशी धरून धावत आले. "बस, बस, बस!" मी बसले. गाडी निघाली.

दहा मिनिटांनी मी सवयीने बॉक्सवर हात ठेवला आणि मला झाडाखालचे आठ डबे आठवले.

हे तत्काळ सांगायला हवं होतं, कबूल आहे. मी वाक्य जुळवत होते. मराठीत जुळवलं, इंग्रजीत जुळवलं. दोन्ही भाषांत ते सारखंच भयंकर वाटत होतं. तेवढ्यात स्पीकरवर आईचा फोन.

"पोचलात का? श्रीखंड कसं आहे?"

"अगं, थंडगार!" बाबा म्हणाले.

(हे खरं होतं. त्या क्षणी अख्ख्या अमिरातीत त्याहून थंड श्रीखंड नसेल.)

फोन बंद झाल्यावर मी धीर केला. "बाबा, एक सांगायचं होतं."

"थांब, राउंडअबाउट आहे."

अल ऐनमध्ये राउंडअबाउट किती आहेत हे मला त्या दिवशी कळलं. एक संपला की दुसरा. प्रत्येकाच्या आधी मी तोंड उघडायचे आणि प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, "लेन चुकेल. उतरल्यावर सांग."

उतरलो. पाटणकर काकू दारातच होत्या. मागून पुऱ्यांचा वास येत होता.

"या, या! पहिली पंगत बसलीच आहे. श्रीखंडावाचून अडलंय." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी आइसबॉक्सचं झाकण उघडलं.

"हे काय?"

"ते आमचं, घरचं," बाबा ऐटीत म्हणाले. "तुमचं डिकीत." त्यांनी डिकी उघडली. पाने. पत्रे. फिल्टर. "रेवा? डबे?"

आता दारात सातआठ बायका जमल्या होत्या. एकीच्या हातात झारा होता.

"इन द हेल," मी म्हणाले.

"मराठीत बोल गं बाई," काकू म्हणाल्या.

"गारांमध्ये ठेवलेत."

काकूंनी बॉक्समध्ये हात घालून ढवळलं. "यात तर नाहीत."

"या गारांत नाही. त्या गारांत. रस्त्यावरच्या. झाडाखाली."

आत कुठेतरी पुरी तेलात चुर्र झाली.

"म्हणजे," काकू एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "श्रीखंड रस्त्यात ठेवलंत आणि गारा आमच्याकडे आणल्यात? आमच्याकडे सकाळपासून त्याच पडतायत हो! अंगणात घोटाभर आहेत! गाड्या वाचवायला घरातल्या सगळ्या गाद्या त्यांच्यावर टाकल्यात. त्याच भिजलेल्या गादीपाशी उभी आहेस तू!"

मी गादीपासून बाजूला झाले. दुसरं काय करणार?

पोलिसांनी मागचा रस्ता बंद केला होता. बाबा सुपरमार्केटमधून व्हॅनिला आइस्क्रीमचे डबे उचलून आले आणि पाडव्याच्या दिवशी साठ माणसांनी पुरीशी आइस्क्रीम खाल्लं. मुलं खूश होती. एक आजी मात्र पुरीची घडी आइस्क्रीममध्ये बुडवायची आणि दर घासाला माझ्याकडे बघायची.

संध्याकाळी रस्ता उघडला. घाफचं झाड सापडलं. ढीग नव्हता, डबे नव्हते. झाडाच्या बुंध्याभोवती तपकिरी पाणी खळाळत होतं. वादी आली होती आणि केशर-वेलचीसकट सोळा किलो श्रीखंड घेऊन पुढे गेली होती.

"आईला काय सांगायचं?" बाबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता.

काही सांगावं लागलं नाही. काकूंचा फोन आमच्या आधी पोचला होता. आई दारात उभी होती. बाबांनी तिच्यापुढे आइसबॉक्स ठेवून हळूच झाकण उघडलं. आत गढूळ पाणी, तळाशी वाळू, आणि मध्ये साबुदाण्याएवढी एक गार.

"तुझ्यासाठी," बाबा म्हणाले. "बर्फ."

आईने ती गार उचलली, तळहातावर धरली. आम्ही तिघं बघत राहिलो. सात सेकंदांत ती विरघळली. आईने हात पदराला पुसला.

"झालं? पाहिला बर्फ. आता ते पाणी बाथरूममध्ये ओता, दोघं आंघोळ करा आणि माझ्याशी उद्यापर्यंत बोलू नका."

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. आईने स्पीकर लावला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"वहिनी, मागच्या आठवड्यात तुम्ही वाटीभर नमुना पाठवला होतात, त्याची चव अजून जिभेवर आहे. म्हणून तर जिवाला एवढं लागलं! गणपतीला दोनशे मोदक द्याल ना?"

आई मटकन खुर्चीत बसली. "देईन की!"

"पण एक अट आहे. न्यायला आमचे हे येतील. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण पुढे कुठल्याही कार्यक्रमाला तुमच्या लेकीला नाही आणलंत तरी चालेल."

आईने फोन ठेवला आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "फार लागलं का गं तुला?"

मी चेहरा जमेल तितका पाडला. लोकांकडे जायचं, ओठ दुखेपर्यंत हसायचं, "ओळखलंस का मला?" या प्रश्नावर खोटं बोलायचं, हे सगळं टाळण्यासाठी मी चोवीस वर्षं डोकेदुखी, परीक्षा आणि ऑफिस अशी फुटकळ कारणं वापरत आले होते. सोळा किलो श्रीखंड एकदाच पुरलं की कायमची सुटका होते, हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर मी पहिलीतच पुरलं असतं!