मोजणीदारांच्या घरचं बारकं टेबल

प्राण्यांच्या दवाखान्यात त्यांना सगळे मोजणीदार म्हणत. संगणकातल्या नोंदी सांभाळणं हे त्यांचं काम. तिथे प्रत्येक विभागाचं एक टेबल होतं आणि प्रत्येक नोंदीची एक ओळ. रोज सकाळी मोजणीदार सगळ्या टेबलांच्या ओळी मोजून घेत आणि दिवसभर ज्याला त्याला ऐकवत बसत. त्यांची बायको तिथेच परिचारिका होती. बऱ्या झालेल्या प्राण्यांचं टेबल तिचं. त्यात जेमतेम तीनशे ओळी.

"तुझं टेबल कुठल्या गणतीत!" असं ते तिला हटकून म्हणत.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. "संगणकाची डिस्क गच्च भरलीय आणि नवी काही मिळायची नाही. सगळ्यात जड टेबल शोधा आणि संध्याकाळपर्यंत रिकामं करा. नाहीतर उद्या एकाही जनावराचं नाव लिहून घेता येणार नाही."

शोधायचं काय, मोजणीदारांना तोंडपाठ होतं. "औषधांचं! नऊ लाख ओळी!"

औषधांच्या खिडकीवर बसणारा औषधवाला खवळला. "ओळीत असतं काय? गोळीचं नाव आणि तारीख! मुंग्या मोजून हत्ती ठरवता होय? आधी वजन काढा, मग माझ्या टेबलाला हात लावा."

कुठलं टेबल किती जागा खातं, हे मोजणीदारांनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. औषधवाल्याची जिरवायची म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर तो आकडा काढला. सगळ्यात वरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. निम्मी डिस्क बायकोच्या टेबलाने खाल्ली होती. ओळीओळीत बऱ्या झालेल्या मांजराचा, कुत्र्याचा, एका कासवाचासुद्धा फोटो, आणि एकेक फोटो भिंतीवर लावावा एवढा मोठा.

"कोणाचं निघालं हो?" बायकोने दारातून विचारलं.

"अक्षरं जरा बारीक आहेत..."

"मी वाचतो ना, वहिनी!" औषधवाला पुढे सरसावला. "वजनदार टेबल तुमचं!"

बायको चिडली असती तर मोजणीदारांना बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "करा रिकामं. त्या कासवाला महिनाभर मी हाताने भरवलं होतं." आणि निघून गेली.

मोजणीदारांनी रिकामं करायचं बटण काही दाबलं नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंना गळ घातली, रिकामं नको, बारीक करतो. जेवणाची सुट्टी सोडून त्यांनी एकेक फोटो लहान केला, टेबल नव्याने रचलं आणि पुन्हा मोजलं. डिस्क मोकळी झाली होती आणि ओळ एकही गळाली नव्हती.

बायकोने पडद्यावरचं कासव डोळे भरून पाहिलं. "छान. आता जा आणि भावजींची माफी मागून या."

औषधांच्या खिडकीशी कुत्री-मांजरं घेतलेल्या लोकांची रांग होती. औषधवाला म्हणाला, "एकच ओळ चालेल. पण वजनदार हवी!"

मोजणीदारांनी घसा खाकरला. "चुकलं माझं."

नेमकं तेव्हाच रांगेतलं एक कुत्रं भुंकलं.

"ऐकू नाही आलं," औषधवाला म्हणाला.