गेट मोकळं करा

त्याला सगळे डेंटर म्हणत, आणि पोचे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चेपलेला दरवाजा पुढ्यात आला की आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीने टिचक्या मारायचा, आणि गाडीवाला बघतच राहायचा. माणसांचे पोचेही असेच निघतात, असा त्याचा समज होता. तो त्याला चांगलाच महागात पडला.

सुटीच्या दिवशी दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून रंगकामाच्या खोलीत तो खेळ चालवायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. डेंटर पुढच्या काळातल्या एका शहराची गोष्ट सांगायचा. तिथे माणसं धडधाकट हात कापून लोखंडाचे बसवून घेत, आणि कंपन्यांच्या फौजा सरकारच्या फौजेला भारी होत्या. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि ते काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं, हे फासे ठरवत. कायदा एकच होता: तोंडातून गेलं ते झालं. मग कुणी कितीही हात जोडो.

खेळायला त्याची ताई, एक वायरमन आणि हल्ली भाऊजी. भाऊजींच्या कारखान्यात संप झाला, तेव्हा कंपनीच्या रखवालदारांनी त्यांना गेटवरच लोळवलं होतं. दंडुक्याने पुढचे दात पाडले. नोकरीही गेली. तेव्हापासून माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. शेवटी ताईने त्यांना ओढतच आणलं.

"मला कंपनी काढायचीय," भाऊजी पहिल्याच दिवशी म्हणाले.

वायरमन हसला. "अहो, इथं आपण कंपन्या जाळतो."

"तुम्ही जाळा. मी काढतो."

डेंटरला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण ताई त्याच्याकडे अशी बघत होती की तो मुकाट्याने हो म्हणाला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

कंपनी वाढली, आणि भाऊजीही. दाढी करून येऊ लागले, जेवू लागले, हसताना तोंडावर हात धरेनासे झाले. त्यांनी शेजारची कंपनी तिच्या पहारेकऱ्यांसकट पेटवून दिली. एका फितुराचा लोखंडी हात खांद्यापासून उपटून त्याच्याच टाळक्यात हाणायला लावला. डेंटर ते रंगवून सांगायचा. कवटी फुटल्याचा आवाजसुद्धा काढायचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, म्हणून वायरमन टाळ्या द्यायचा. गप्प असायची ती एकटी ताई.

ताई खेळात एक वेल्डर बाई होती, वर्षानुवर्षं जपलेली. भाऊजींच्या खेळातल्या कारखान्यात हात तुटलेल्या कामगारांना घेऊन ही बाई गेटसमोर बसली.

"उठायला सांग तिला," भाऊजी म्हणाले.

"नाही उठत," ताई म्हणाली. "बोलायला या की खाली."

भाऊजींच्या मानेची शीर उडायला लागली. "गेट मोकळं करा!"

डेंटरने विचारलं, "कसं?"

"मोकळं म्हणजे मोकळं!"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "संपाच्या त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन गेटवर आले होते," ती हळूच म्हणाली. "तुमचा साहेब माइकवर हेच म्हणाला होता. अगदी हेच."

"थांब," भाऊजी डेंटरला म्हणाले. "हाकला, असं म्हणायचं होतं मला."

"तोंडातून गेलं ते झालं, भाऊजी."

फासे पडले, आणि डेंटरने काहीही वगळलं नाही. पहिल्या फैरीत पुढची रांग आडवी झाली. वेल्डर बाई पोटातली आतडी हाताने धरून उभी राहिली, तेव्हा रखवालदाराने तिला केसांना धरून गेटच्या गजांवर आपटलं, पुन्हा आपटलं, चेहरा ओळखू येईनासा होईपर्यंत. सांगताना डेंटरचाच आवाज चिरकला. त्याला संताप आला होता. भाऊजींचा, आणि भाऊजींना हे सगळं करू देणाऱ्या स्वतःचा.

भाऊजींनी टेबल उलथवलं. डेंटरची कॉलर धरून त्याला समोरच्या गाडीच्या बॉनेटवर आपटलं आणि तोंडावर ठोसे घालत सुटले. नाकाचं हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. डेंटरनेही दिला एक ठेवून. हातोडी चालवणारा हात तो, भाऊजींचा ओठ हिरडीपर्यंत फाटला. वायरमन मधे पडला आणि कोपर खाऊन बाजूला झाला.

"का करू दिलंस मला हे?" भाऊजी ओरडत होते. "का करू दिलंस?"

"बसा दोघं!" ताई म्हणाली.

दोघं बसले. कुणाचं रक्त कुणाच्या शर्टावर, काही कळत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ताईने टेबल सरळ केलं आणि ती समोर येऊन बसली.

"माझी बाई मेली," ती म्हणाली. "मी आता नवी होणार. कंपनीच्या मालकाची बायको. त्याच्याच घरात राहते."

डेंटरने नाकावर फडकं दाबलं. "काय करते ती?"

"स्वयंपाकघरातली सुरी घेऊन त्याच्या खोलीपाशी येते."

फासे टाकायच्या आधी घराच्या मालकाला विचारणं भाग होतं. "भाऊजी, खोलीचं दार उघडं की बंद?"

भाऊजी बाहीने रक्त पुसत ताईकडे वळले. मग फाटलेल्या ओठाने म्हणाले,

"उघडं."