टाकांच्या जागी सुपारी

ती गोष्ट आठवली की आजही हसू येतं. मी तेव्हा रोह्याला पोलीस निरीक्षक होतो. गावातल्या छोट्या संग्रहालयातून चांदीचे दोन टाक गेले होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे कुलदेव. समितीचे अध्यक्ष अर्ज घेऊन आले, आणि संशयितही बरोबर घेऊनच आले.

संशयित म्हणजे कंपनीतून निवृत्त झालेले एक काका. संग्रहालयात ते फुकट राबायचे. तिथल्या निम्म्या वस्तू त्यांनीच घरोघर फिरून मागून आणल्या होत्या.

"किल्ली यांच्याकडे असते. कपाटात सुपारी सापडलीय. सुपारी कोण खातं ते अख्ख्या रोह्याला ठाऊक हाय," अध्यक्ष म्हणाले.

काकांना समोर बसवून नेहमीचे प्रश्न विचारले. चोर बहुधा जास्त बोलतो, हे बोलेचनात. शेवटी म्हणाले, "साहेब, लोक माझ्या भरवशावर घरातल्या वस्तू देतात. उद्या चोर ठरलो तर मला दार कोण उघडील?" रडवेली माणसं मला नवीन नव्हती, पण या माणसाचं मला वाईट वाटलं.

मग संग्रहालयात कपाट बघायला गेलो. सुपारी अख्खी होती आणि खाली कुंकू लावलेले तांदळाचे दाणे. मी अध्यक्षांवर उखडलोच. "अहो, खाणारा माणूस सुपारीला अक्षता वाहतो काय?" आमच्याकडे देव उजळायला सोनाराकडे गेले की आई त्यांच्या जागी सुपारी मांडायची. देवाची जागा रिकामी ठेवत नाहीत. म्हणजे ज्याने कोणी टाक नेले, त्याला ते विकायचे नव्हते.

रोह्यापासून पेणपर्यंतच्या सोनारांना निरोप धाडला, उजळायला टाक कोणी आणले असतील तर कळवा. पेणहून एकाचा फोन आला. "व्हय साहेब, वरसे गावची एक आजी ठेवून गेलीय. नातीचं लगीन हाय म्हनाली."

महिला हवालदाराला घेऊन आजींच्या घरी गेलो. त्या जराही घाबरल्या नाहीत. "चोरी कसली वो? पोरग्यानं सही करून माझे देव तिकडं दिले. मला इचारलं पन नाय. आता नातीच्या लग्नात गोंधळ कुनापुढं घालू?" सफाईच्या दिवशी आजी संग्रहालयात गेल्या, तेव्हा कपाट उघडं होतं. काका त्यांच्यासाठीच चहा सांगायला गेले, तेवढ्यात आजींनी टाक पदरात घेतले. काकांना ठाण्यात बसवलं होतं हे ऐकल्यावर मात्र त्यांना रडू कोसळलं. "त्या देवमानसाला? माझ्यापायी?"

गुन्हा अजून दाखल झाला नव्हता. समितीने अर्ज मागे घेतला, टाक आजींना दिले. अध्यक्षांनी काकांची माफी मागितली, म्हणजे मी मागायला लावली. काका आजींना एवढंच म्हणाले, "चूक माझी. सही बघितली, तुमाला विचारलं नाय."

मालकी आम्ही पोलीस कागदावरून ठरवतो, ठरवावीच लागते. पण घरातली वस्तू रोज जिच्या हाताखालून जाते, तिचं नाव त्या कागदावर सहसा नसतं. हे मला कायद्याच्या पुस्तकाने नाही, आजींनी शिकवलं.

मी निवृत्त झाल्यावर काका आमचा तांब्याचा बंब मागायला घरी आले. मी लगेच हो म्हटलं, सहीही करायला निघालो.

"थांबा साहेब. आधी वयनींना बोलवा."

बायको बाहेर आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाय देणार."

काकांनी निवांत चहा घेतला आणि खुशीत रिकाम्या हाताने निघून गेले.