वरातीत वाजवलेली इंग्लिश गाणी

बेंजो पार्टी चालवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. वाळू वाहिलेल्या टेम्पोत कितीही झाडू मारा, फटीत थोडी उरतेच. तसे ते उरतात. चार जुने वाजवणारे कट्ट्यावर बसले की एकेक बाहेर निघतो. आजवर मी ते हसत सांगितले. आता सांगताना मान खाली जाते. तरी सांगतो.

आमची पार्टी विठ्ठलवाडीची. बेंजो माझा. माझी शाळा चौथीपर्यंत, पण लोक मास्तर म्हणतात आणि ते मला आवडतं. कीबोर्डवर सुरेश, ड्रमवर पांडू. बाकीचे ढोल-ताशावाले येऊन जाऊन. हळदी, वराती, गणपती. कल्याणपासून ठाण्यापर्यंत आमची हातगाडी फिरायची, मागे जनरेटर.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं आम्ही एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होतो. इंग्लिश रॉक गाणी. बेंजोवर! दुसऱ्या कुठल्याच पार्टीकडे नव्हती. त्याचा मला फार अभिमान होता.

होता.

*

सुरेश तेव्हा कल्याण स्टेशनजवळ सीडीच्या दुकानात कामाला. एक दिवस एक सीडी घेऊन घरी आला. एकाच सीडीत शंभर गाणी, सगळी इंग्लिश. पहिलं लावलं. त्यातला माणूस असा ओरडला की माझी बायको पोळपाट टाकून आतून धावत आली.

"कुणाला लागलं?"

मी सुरेशला म्हटलं, "बंद कर हे."

तो म्हणाला, "मास्तर, ओरडणं सोडून द्या. त्याच्या खालची चाल ऐका."

ऐकली. खरंच चाल होती. फणसाचे काटे बाजूला केले की आत गरे निघतात तशी. अशी चाल, की तिच्याखाली आमचा ठेका नीट बसला.

गाण्यांची नावं वाचायची कोण? आम्हीच ठेवली. हुंदके दिल्यासारखं होतं ते 'रडकं'. दातओठ खाऊन म्हटलेलं ते 'भांडखोर'. आणि ज्याचा सूर पायरी पायरीने वर चढत जातो तो 'जिना'. वरातीत मी नुसतं बोट वर करायचो, की जिना सुरू!

पांडूने एकदा विचारलं, "मास्तर, पण ह्या गाण्यांत म्हणतात काय?"

मी म्हटलं, "तुला ड्रम वाजवायचाय की पेपर लिहायचाय?"

परत कोणी विचारलं नाही.

*

गेल्या महिन्यात डोंबिवलीचा संदीप घरी आला. बँकेत असतो. त्याची वरात वीस वर्षांपूर्वी आम्हीच वाजवली होती. आता केस पांढरे झालेत, पण उत्साह तोच.

"मास्तर, लग्नाला वीस वर्षं होतायत. माजिवड्याला हॉल घेतलाय. वैशालीची पण फार इच्छा आहे. तुम्ही यायचं, आणि आमचा जिना वाजवायचा!"

त्याने सुपारी हातावर ठेवली. आमच्या धंद्यात आगाऊ रकमेला सुपारी म्हणतात. ती घेतली की घेतली. सुपारी परत केली म्हणजे पार्टी मोडली, असं लोक समजतात. मी आयुष्यात कधी परत केलेली नाही.

जिना वाजवून बरीच वर्षं झालेली. चाल पक्की करावी म्हणून नातीला, मुक्ताला, दोन ओळी गुणगुणून दाखवल्या. तिने फोनवर लगेच गाणं शोधून काढलं. आम्ही दोघांनी ऐकलं. मी मांडीवर ठेका धरला होता. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आजोबा, हे तुम्ही कुठे वाजवलंत?"

"वरातींत."

"नवरा-नवरी समोर असताना?"

"मग? ते नसताना वरात निघते का?"

तिने फोन उलटा ठेवला आणि सांगितलं. त्या गाण्यात माणूस बायकोला म्हणतो, तुझ्याबरोबर राहून माझा जीव गुदमरला. आता मी चाललो. मागे येऊ नकोस. मेलीस तरी मला कळवू नकोस.

"आणि शेवटी तो धाडकन आवाज येतो ना," मी विचारलं, "तो कसला?"

"दार आपटून तो निघून जातो."

त्या आवाजावर आम्ही फटाक्यांची माळ लावायचो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. संदीपची सुपारी देवाजवळ ठेवलेली. परत करावी तर पार्टीचं नाव जातं. वाजवावं तर ज्यांचा संसार वीस वर्षं चाललाय, त्यांच्या तोंडावर पुन्हा तेच म्हणायचं. आता न कळता नाही. कळून.

*

मग एकेक गाणं मुक्ताकडून समजून घेतलं. घ्यायला नको होतं.

रडकं आम्ही पहिल्यांदा वाजवलं ते दिवा स्टेशनजवळच्या एका गावात, आगरी मंडळींच्या हळदीला. पैसेवाले लोक. अंगणभर माणसं. मी म्हटलं, काहीतरी वेगळं ऐकवू. रडकं काढलं, पण ठेका जलद ठेवला. नवरदेवाची आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. दोन माणसांनी धरल्याशिवाय उठत नाही, असं आम्हाला सांगितलेलं. ती उठली! पदर खोचला आणि थेट आमच्या गाडीसमोर.

"मास्तरा, यो गाना लय बेस हाय रं! थांबवू नुको!"

आम्ही थांबलो नाही. म्हातारी दमेना. शेवटी तिच्या मुलाने हात जोडले, "मास्तर, आता बस करा, आय पडंल."

मुक्ता म्हणाली, "आजोबा, ह्यात तो भावाच्या कबरीशी बसून रडतोय."

मी म्हटलं, "आजी तर किती खूश होती."

"हो," ती म्हणाली, "तिला कुणी सांगितलं नसेल."

*

भांडखोर गणपतीतलं. विसर्जनाची मिरवणूक, कल्याणातच. पोरं बेभान. चौकात एक तरुण इन्स्पेक्टर बंदोबस्ताला. भांडखोर सुरू झालं तसा तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला.

"हे गाणं कुणी सांगितलं?"

मला वाटलं, आवाजाबद्दल बोलतोय. मी ताठ उभा राहिलो. "भक्तिगीत आहे साहेब."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग गणपतीकडे बघितलं. मग टोपी काढून एवढा हसला की हवालदार घाबरले.

"चालू दे मास्तर," तो म्हणाला. "पण बाप्पाला इंग्लिश येत असेल तर तुमचं काही खरं नाही!"

पुढे पूर्ण गल्लीभर तो आमच्या बाजूने चालला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं, आरती.

आता मुक्ताकडून कळलं. अख्ख्या गाण्यात पोलिसांना शिव्या आहेत. अर्थ समजावताना पोरगी दोनदा थांबली आणि म्हणाली, "आजोबा, ह्या ओळीचं राहू दे."

तो साहेब आता कुठे असेल माहीत नाही. भेटला तर मी रस्ता बदलेन.

*

पांडूच्या डोक्यात आलं, गाणी आहेत तर गाणारा पाहिजे. डोंबिवलीच्या कॉलेजातला एक लांब केसवाला त्याने शोधून आणला. बारीक, उंच, काळे कपडे. मी म्हटलं, "लग्नात काळं चालत नाही." तर माझाच लाल कोट घालून उभा राहिला. हात कोपरापर्यंत बाहेर.

ठाण्याची वरात. पहिलं गाणं बरं म्हणाला. दुसऱ्यात अचानक गुडघ्यावर बसला. मग माइकसकट डांबरावर आडवा झाला आणि हातपाय झाडायला लागला. डोळे पांढरे.

नवरीचा मामा ओरडला, "फिट आली! फिट आली!"

मग काय विचारता! एकाने पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. एका बाईने शेजारच्या वडापावच्या गाडीवरून कांदा फोडून आणला. मामाने त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला आणि वरून मूठ दाबून धरली. मीसुद्धा बेंजो टाकून धावलो. त्याचे पाय मी धरले. सुरेश तेवढा वाजवत राहिला, मला त्याचा रागच आला.

गाणारा चपलेखालून ओरडत होता, "परफॉर्मन्स आहे! अहो काका, परफॉर्मन्स आहे हा!"

मामा म्हणाला, "होय रे बाळा, होय. बोलू नकोस."

शेवटी रिक्षात घालून दवाखान्यात नेलाच त्याला. डॉक्टरने तपासून सांगितलं, तब्येत उत्तम आहे, फक्त कांद्याचा वास येतोय.

कोट त्याने परत पाठवला. स्वतः आला नाही.

*

दोन बेंजो पार्ट्या चौकात समोरासमोर आल्या की मुकाबला होतो. कुणीच मागे हटत नाही. एकदा उल्हासनगरची एक पार्टी आडवी आली. त्यांची वीस माणसं, आमची नऊ. त्यांनी तीन गाणी लागोपाठ अशी वाजवली की आमचा नवरदेवसुद्धा त्यांच्याकडे बघून मान हलवायला लागला.

मी बोट वर केलं. जिना!

समोरची पार्टी गप्प. मी मनात म्हटलं, जिंकलो. एवढ्यात त्यांच्या बेंजोवाल्याने दुसऱ्या पायरीवर माझा सूर धरला. मग त्यांचा ढोल. मग सगळेच. अख्खा चौक एकच गाणं वाजवत होता.

संपल्यावर मी त्यांच्या मास्तरला विचारलं, "तुम्हाला हे कसं येतं?"

"सीडी आहे ना आमच्याकडे. कल्याण स्टेशनजवळून घेतली."

मी सुरेशकडे बघितलं. सुरेश जनरेटरमध्ये डिझेल किती आहे ते बघायला लागला.

त्या दिवशी दोन्ही नवऱ्या एकाच वेळी खाली उतरून नाचल्या. त्या दोन्ही घरांत पुढे काय झालं, मी कधी चौकशी केली नाही. आता तर करणारच नाही.

*

संदीपचा कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी मी सुपारी खिशात घालून डोंबिवलीला गेलो. पार्टीचं नाव गेलं तर जाऊ दे, असं ठरवून.

दार वैशालीने उघडलं. "मास्तर! या ना. संदीप केक सांगायला गेलाय, येईलच इतक्यात."

मी बसलो नाही. "वहिनी, एक सांगायचंय. ते जिना गाणं. तुमच्या वरातीतलं. ते चांगलं नाही."

"का?"

"त्यात नवरा-बायकोचं चांगलं बोललेलं नाही. आम्हाला इंग्लिश येत नव्हतं. संदीपरावांनाही माहीत नसणार. त्यांनी हौसेने फर्माईश केली, आम्ही वाजवलं. हे पैसे परत घ्या. दुसरी पार्टी बघा."

एवढं लांब मी कधी बोललो नव्हतो. माझे कान तापले होते.

वैशाली एव्हाना डाळिंब सोलायला बसली होती. तिने हात थांबवला नाही.

"फर्माईश संदीपची नव्हती, मास्तर. वरात निघायच्या आधी मी माझ्या भावाला तुमच्या सुरेशकडे पाठवलेलं. माझी होती ती."

मी म्हटलं, "मग तुम्हालाही अर्थ माहीत नसेल तेव्हा."

"मी कॉन्व्हेंटची आहे," ती म्हणाली. "ती कॅसेट होती माझ्याकडे. ऐकून ऐकून झिजलेली."

एवढ्यात दारात किल्ली फिरली.

"अरे, मास्तर!" संदीप आत येत म्हणाला. "बरं झालं आलात. जिना पाहिजे हां! तो नसेल तर मी नाचणार नाही. आमचं गाणं आहे ते, काय गं?"

वैशालीने डाळिंबाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

"मास्तर तेच सांगायला आलेले," ती म्हणाली. "वाजवणार आहेत."

सुपारी माझ्या खिशातच राहिली.

रविवारी माजिवड्याच्या हॉलमध्ये मी बोट वर केलं. जिना सुरू झाला. संदीपने डोक्याला रुमाल बांधला आणि वीस वर्षांपूर्वीसारखाच नाचला. त्यांची मुलगी मोबाईलवर शूटिंग करत होती, नातेवाईक टाळ्या वाजवत होते. वैशाली नाचली नाही. हिरवी पैठणी नेसून त्याच्यासमोर उभी होती आणि गाणं म्हणत होती. शब्दन् शब्द. त्याच्या डोळ्यांत बघून. हसत. बेंजोपुढे तिचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता, ओठ तेवढे हलताना दिसत होते. संदीप तिला फ्लाइंग किस देत होता.

दार आपटायची जागा आली. हॉलमध्ये फटाके चालत नाहीत, म्हणून पांडूने सगळा जोर लावून ड्रम हाणला. गाणं संपलं. मी मान वर केली नाही.

वैशाली चालत माझ्यापाशी आली. कपाळावरचा घाम पदराने टिपला.

"मास्तर," ती म्हणाली, "वन्स मोअर!"