माकुळाच्या पोटातला मासा

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. उजाडायच्या आत ती धक्क्याजवळच्या शेडमध्ये, रबरी बूट घालून, गार ओट्यासमोर उभी. काम माकूळ, म्हणजे स्क्विड, साफ करायचं. मुंडकं धरून एका ओढीत आतडी बाहेर काढायची, शाईची पिशवी फुटू द्यायची नाही, मग कातडी सोलायची. ओढ कमी पडली तर अर्धं पोट आत राहतं, जास्त झाली तर हात काळे.

नवऱ्याची होडी लहान, इंजीन एकच आणि थकलेलं. मागे एकदा ते बंद पडलं आणि तो रात्रभर नुसता वाहत गेला. तेव्हा त्याने तिला कबूल केलं होतं, किनाऱ्याचे दिवे दिसतील तिथवरच जायचं.

त्या सकाळी त्याचाच आदल्या दिवशीचा क्रेट तिच्या ओट्यावर आला. माकुळं हातभर लांब.

"भावोजींची चंगळ आहे," शेजारून जाऊ म्हणाली.

तिने पुढचं माकूळ ओढलं. एक पोट तटतटलेलं होतं, ते तिने चिरलं. माकूळ लहान असताना वरच्या पाण्यात बारीक कोळंबीवर जगतं. त्याच्या पोटात तांबूस लगदा निघतो. वाढलं की त्याला मासे लागतात, वेळेला दुसरं माकूळही चालतं, आणि दिवसभर ते खोल पाण्यात राहतं. या पोटात मोठ्या डोळ्यांचा काळा मासा होता, तुकडे झालेला. तो किनाऱ्याजवळ मिळत नाही.

दुसरं पोट चिरलं. तेच. तिसऱ्याला हात मनगटापर्यंत काळे झाले.

"अगं, लक्ष कुठंय?" जाऊने विचारलं.

लक्ष दाराकडे होतं. वारा वाढला होता. एकेक होडी लागत होती, त्याची नव्हती. मुकादम ओरडला तेव्हा तिला कळलं, सोललेलंच माकूळ ती पुन्हा सोलत होती.

तो दुपारी आला. ती काम टाकून धक्क्यावर गेली.

"कुठवर गेला होतात?"

"नेहमीच्या जागी."

तिने मूठ उघडली. "मग हा नेहमीच्या जागी राहायला आला का?"

काळ्या माशाचा तुकडा बघून तो दोर गुंडाळत राहिला. "काठाला वरवर नुसती बोटाएवढी आहेत. ती धरायची, तर पुढं काय धरणार? मोठी सगळी बाहेर, खोल पाण्यात."

"आणि इंजीन?"

"चालतंय की."

"मग उशीर का झाला?"

"दोनदा बंद पडलं," तो खाली बघत म्हणाला.

ती भांडली नाही. मोठी माकुळं काही काठाला यायची नव्हती, म्हणजे हाही बाहेर खोल पाण्यातच जाणार. तिने संध्याकाळची पाळीही धरली. बोटं वळेनाशी झाली की गरम पाण्यात बुडवून पुन्हा सुरी हातात. हंगाम संपेपर्यंत रोज पहाटे ती वारा ऐकतच उठत होती.

त्या मजुरीतून होडीला दुसरं इंजीन आलं. जुनंच, लहानसं. पैसे देण्याआधी तिने विकणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा बंद करून चालू करायला लावलं.