फक्त तुत्राकानच्या मुलांनी पाहिलेला सिनेमा

सोमवारी स्विलेनाचा स्पेनहून फोन आला आणि तेव्हापासून नेद्यल्काचा जीव थाऱ्यावर नाही. "मावशी, सापडला! आपला सिनेमा सापडला! शनिवारी येतेय, तुझ्याच स्वयंपाकघरात बसून बघू," एवढं बोलून पोरीनं फोन ठेवूनही दिला. पोरगी म्हणायचं ते सवयीनं, नाहीतर स्विलेना आता सेहेचाळीस वर्षांची आहे. मंगळवारी नेद्यल्कानं मिरच्या भाजायला घेतल्या आणि अर्ध्याअधिक जाळल्या. बुधवारी आलुबुखाराच्या मुरंब्यात साखरेऐवजी मीठ लोटलं.

शेजारची दोना कुंपणावरून म्हणाली, "काय गं, ह्या वयात प्रेमाबिमात पडलीस की काय?"

"पडले तर तुला विचारायला येणार आहे होय?" नेद्यल्कानं धाडकन खिडकी लावली. दोन मिनिटांनी उघडली. पुन्हा लावली.

ह्या सिनेमाची गंमत अशी, की तो डॅन्यूब नदीकाठच्या तुत्राकान गावच्या मुलांखेरीज जगात कुणीच पाहिलेला नाही. गावची ती पोरं आता चाळिशी ओलांडून बसलीत. कुणी माद्रिदला ट्रक चालवतं, कुणी सोफियात लोकांचे दात उपटतं. पण इंटरनेटवर गट करून नऊ वर्षं सगळी मिळून लहानपणीचं ते कार्टून शोधताहेत. हाताने रंगवलेलं हिरवं पाणी त्यांना आठवतं. नदीच्या तळाशी कंदील घेऊन चालणारी मुलगी आठवते, मुकुट घातलेला मिशांचा भला मोठा मासा आठवतो. पायाखाली कुरकुरणाऱ्या सूर्यफुलाच्या बियांच्या साली आणि कोट काढला तर कुडकुडायला लावणारं ते थिएटरसुद्धा आठवतं. 'मासा म्हणजे त्या मुलीचे बाबा असतात, तोच ना?' असं कुणीतरी लिहितं, की पन्नास जण डोळे पुसतात. आणि बाहेरच्या कुणाला विचारावं तर तो म्हणतो, असा सिनेमा कुणी बनवलेलाच नाही.

खरंच नव्हता बनवला. चित्रं हंगेरीची होती, गोष्ट नेद्यल्काची.

त्या काळी ती थिएटरात तिकिटं विकायची आणि रविवारी सकाळी, वाचता न येणाऱ्या बारक्यांसाठी, माइकवर भाषांतर वाचून दाखवायची. एका शरदात हंगेरीचं कार्टून आलं. रिळांचे डबे आले, भाषांतराचे कागद वाटेतच कुठेतरी गळाले. आत दोनशे मुलं पाय आपटत होती. व्यवस्थापक घाम पुसत म्हणाला, "चित्रं दिसताहेत ना तुला? मग बोल की काहीतरी!" हंगेरियनचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण बाई तोंडाची फटकळ होती, बोलत सुटली आणि वेळ मारून नेली.

तिसऱ्या रांगेत सहा वर्षांची स्विलेना बसली होती. तिचा बाप स्टामेन, मासेमारी करणारा, तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी होडीसकट डॅन्यूबमध्ये गेला होता. होडी मिळाली, तो नाही. म्हणून, माणूस गेला की गावात दारावर लावतात तो मृत्यूचा कागद बायकोनं लावू दिला नव्हता आणि पोरीला कुणी काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर मासा वाकला, त्यानं मुलीच्या हातावर मिशा टेकल्या आणि नेद्यल्काच्या तोंडून निघून गेलं, "घाबरू नकोस, मी तुझा बाबा आहे. मेलो नाही मी. खाली थोडं काम आहे, आटपलं की येतो वर."

स्विलेना खुर्चीवर उभी राहिली.

झालं. पुढच्या रविवारी तीच मुलं पुन्हा हजर. एक शब्द इकडचा तिकडे झाला की "चुकलं! चुकलं!" म्हणून बोंब ठोकायची. पाच रविवार नेद्यल्का आपलंच खोटं पाठ करून म्हणत राहिली. सिनेमाच्या शेवटी मुलगी माशाला भाला मारते आणि सगळा पडदा लाल होतो. तिथे ती म्हणायची, "आणि मग सूर्य मावळला."

शनिवारी स्विलेना आली. बदामाची मिठाई, काखेत लॅपटॉप आणि एक जाड पाकीट. "एका हंगेरियन माणसानं सगळं भाषांतर करून दिलंय. मी एक ओळ वाचलेली नाही, मावशी. म्हटलं, तुझ्यासोबतच."

"आधी जेव."

"विमानात जेवलेय."

"मग कॉफी घे. आणि हे बघ, आज विजेचा काही भरवसा नाही."

"मावशी, टाळतेस का तू?"

नेद्यल्का मटकन बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. कागद हरवलेले, व्यवस्थापक, भाला, सूर्य. स्विलेना आधी खो खो हसली. "म्हणजे नऊ वर्षं मी जगभर विचारत फिरले, आणि सिनेमा इथे मिरच्या भाजत बसला होता!" मग हसणं हळूहळू विरलं.

"मी नदीच्या धक्क्यावर जाऊन बसायचे," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. बारा वर्षांची होईपर्यंत. माहितीये तुला?"

"बसमधून दिसायचीस."

"रोज?"

"रोज."

"मग तू काय करायचीस?"

"घरी यायचे," नेद्यल्का म्हणाली. आठवडाभर तिची झोप उडाली होती ती ह्याच प्रश्नानं. खोटं बोलल्याचं तिला कधी फार वाटलं नव्हतं. उलट पोरीला काहीतरी गोड दिलं, असंच ती इतकी वर्षं स्वतःला समजावत आली होती. पण बसच्या काचेतून दिसणारी ती पाठ काही केल्या गोड होत नव्हती. "वाटायचं, उद्या उतरू आणि सांगू. उतरले नाही. भ्याले मी."

स्विलेना बराच वेळ पाकिटाची कड नखानं खरवडत राहिली. "आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही. आजीनं नाही, शाळेतल्या बाईंनी नाही. दारावर कागद कधी लागलाच नाही. मला आपलं आपणच कळलं, आणि कधी कळलं तेही आठवत नाही." तिनं मान वर केली. "तू सांग, मावशी."

"आता? आता काय सांगू?"

"तुला चांगलं माहितीये काय ते."

नेद्यल्कानं एप्रनला हात पुसले, खुर्ची ओढून तिच्या जवळ घेतली.

"तुझा बाबा गेला, पोरी. बुडाला तो. त्याच सकाळी. तो येणार नाही."

स्विलेनानं टेबलावर डोकं टेकलं आणि सहा वर्षांचं मूल रडेल तशी ती रडायला लागली, मोठ्यानं, कुणाची पर्वा न करता. नेद्यल्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला. रडू नको, असं ती म्हणाली नाही.